पाणी ओतणारा माणूस

"बाबा! ओतलंत?"

नंदिनीचा आवाज आला तेव्हा कुठे नीलकंठरावांना कळलं, आपल्या हातून काय झालंय ते. ट्रे रिकामा होता आणि त्यातल्या डासांच्या अळ्या सिंकमधून कधीच वाहून गेल्या होत्या. पुण्यात महापालिकेच्या मलेरिया विभागात बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. अळी दिसली की पिंप उपडं. घरातल्या बायका शिव्या घालायच्या, तरी उपडं. मुलगा शशांक टोकियोतल्या बँकेत सांगायचा, "बाबा आरोग्य खात्यात होते." पिंपांचा विषय तो काढत नसे आणि तेही काढत नसत.

सून नंदिनी टोकियोतल्या ज्या संस्थेत कामाला होती, तिथे संशोधनासाठी डास पाळत; आज तेही तिच्यासोबत आले होते. शाळकरी मुलं ते बघायला येणार होती. त्यांच्यापुढे ती पहिल्यांदाच एकटी बोलणार होती, तेही जपानीत.

"दुसरा ट्रे नाही का गं?"

"आत आहेत, पण ती खोली आज बंद. वीस मिनिटांत मुलं येतील, बाबा. मोरिता-सानना काय सांगू?" तिचे डोळे भरून आले.

मोरिता-सान तिचे साहेब. नीलकंठरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एखादा पांढरा डबा दे," ते म्हणाले आणि भर उन्हात बाहेर पडले.

जपान कितीही टापटीप असो, कुंडीखालची बशी कोण उचलून बघतो? फाटकाजवळच्या चार बश्या कोरड्या निघाल्या. पण सायकली ठेवायच्या जागेमागे निळी ताडपत्री होती, आणि तिच्या घडीत साचलं होतं पाणी! त्यांची सावली पडताच अळ्या वळवळत तळाला पळाल्या. म्हातारा चक्क हसला.

मुलं अळ्यांच्या डब्याभोवती जमली. नंदिनी बोलू लागली. आठवडाभर तिने घरी सासऱ्यांसमोर मराठीत तालीम केली होती, त्यामुळे चित्रं बघून त्यांना सगळं समजत होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं क्यूबातलं हवाना. पीतज्वर रोग्याच्या कपड्यांतून होतो, असं लोक म्हणत. म्हणून काही तरुण रोग्यांच्या घाणेरड्या अंथरुणांत वीस रात्री झोपले आणि ठणठणीत बाहेर आले. स्वच्छ खोलीत डास चावलेला तरुण मात्र तापाने फणफणला.

शेवटच्या फोटोत बादल्या घेतलेली माणसं होती. एका मुलीने काहीतरी विचारलं. नंदिनीने सासऱ्यांकडे बघत उत्तर दिलं, तशी सगळी मुलं त्यांच्याकडे वळली. मोरिता-सान तर कमरेत वाकले.

"काय गं, काय विचारलं तिने?"

"या माणसांची नावं काय, म्हणून. म्हटलं, हे घरोघरी जाऊन साचलेलं पाणी काढायचे, म्हणून साथ थांबली. नावं मला माहीत नाहीत. पण बत्तीस वर्षं हेच काम केलेले माझे सासरे इथे उभे आहेत."

नीलकंठरावांनी उगाच चष्मा पुसला.

त्या मुलीने डबा ओतायला म्हणून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. सगळे बाहेर आले, मुलं आपणहून रांगेत उभी राहिली. नीलकंठरावांनी तापलेल्या सिमेंटवर सावकाश पाणी ओतलं. या वेळी कोणी शिवी घातली नाही.