बाकावरचा सल्ला

गुरुशांतअण्णांच्या ज्वारीच्या दुकानात पोती हमाल उचलायचे आणि ती कशी उचलायची हे अण्णा गल्ल्यावर बसून सांगायचे. जिम्नॅस्टिकच्या हॉलमध्येही त्यांचा तोच खाक्या. त्यांची लेक अक्षता बार धरून, पाय वर फेकून, उलटं फिरून बारवर चढायला शिकत होती. आठ दिवस झाले, पाय अर्ध्यातूनच परत येत होते.

"कंबर बारला चिकटव की," बाकावरून अण्णांचा सल्ला सुटायचा. "एवढं काय अवघड हाय त्यात?"

नवव्या दिवशी तिला शिकवणाऱ्या रेश्मा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, एकदा तुमीच करून दाखवा की. पोरीला समजंल."

आता माघार कशी घ्यायची? अण्णांनी चष्मा आणि किल्ल्या लेकीकडं दिल्या, बार धरला आणि पाय फेकले. मॅडमनी खालून रेटा दिला तेव्हा कुठं ते वर गेले आणि पोटावर लटकले, थेट ज्वारीच्या पोत्यासारखे. पुढं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"पप्पा," अक्षतानं बाकावर बसून विचारलं, "एवढं काय अवघड हाय त्यात?"

दोघींनी मिळून त्यांना उतरवलं. पोट धरून अण्णा बाकावर टेकले.

नऊ दिवसांत पहिल्यांदाच बाकावरून कुणी शिकवत नव्हतं. अक्षतानं बार धरला आणि ती पहिल्याच झटक्यात वर गेली.