वच्छलाच्या हातावरचा चट्टा

कानबाईचा सण जवळ आला की एरंडोलची हसीनाबी बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन अंजनीकाठच्या गावांतून हिंडायला निघे. नवरा गेल्यापासून हा धंदा ती एकटीच चालवत होती. कुणाचा हात मऊ, कुणाचं हाड मोठं, कुणाला आधी तेलाचं बोट लावावं लागतं, हे तिला न विचारता ठाऊक असे.

एकोणीसशे चौतीसच्या श्रावणात ती धुरपदाबाईच्या ओट्यावर येऊन बसली. धुरपदाबाईचा नवरा पाचोऱ्याला कापसाच्या जिनात कामाला होता, सणावारी तेवढा घरी येई. त्यामुळे घर, शेत, गुरं, सगळं तीच पाही. मुलगा अभिमन तिच्या शब्दाबाहेर नव्हता. सून वच्छला नवी होती, अजून हळू आवाजात बोलणारी.

धुरपदाबाईने स्वतःच्या बांगड्या भरून घेतल्या आणि ती गोठ्याकडे गेली. मग वच्छला पुढे सरकली. इतका उकाडा असून तिने चोळीच्या बाहीखाली मनगटापर्यंत एक चिंधी गुंडाळली होती.

"हे सोड, बेटी. बांगडी कशी चढी?" हसीनाबी म्हणाली.

हसीनाबीने चिंधी हळूच वर सारली आणि तिचा हात तसाच थांबला. मनगटाच्या वर रुपयापेक्षा मोठा एक गोल चट्टा होता. कडा लाल, फुगलेल्या, मधली कातडी फिकट. एका बाजूला भाजल्यासारखे फोड आले होते.

"काय शे हाई? कधळपासून शे?"

"आखाजीपासून. तीन महिना व्हई गयात. कमरेले बी शे." वच्छलाने गोठ्याकडे पाहिलं. "मी मोरचूद लावं. बियाण्याले लावतस ना, तेच. लई आग व्हयनी."

"सासूले सांगं का?"

वच्छलाचे डोळे भरून आले. "नको, चाची. मनी सख्खी काकूले बी आसाच डाग व्हता. रगतपिती शे म्हणीसन लोकेस्नी तिले गावबाहेर काढी दिधी. झोपडीमा एकटीच मरी गई ती. मी लहान व्हतू, पन माले बठ्ठं याद शे."

हसीनाबीने तिचा हात सोडला नाही. असे चट्टे तिने पुष्कळ हातांवर पाहिले होते, त्यातले कित्येक बरे झालेलेही पाहिले होते. पण रक्तपितीचे डागही तिने पाहिले होते. हा कोणता, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

"मी काय डॉक्टर नही, बेटी," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात दखाड. अभिमनले सांग, तो तुले लई जाई."

वच्छलाने मान हलवली, पण ती 'हो' नव्हती. हसीनाबीने दुसऱ्या हातात बांगड्या भरल्या, चट्ट्याच्या हातात मोजक्याच आणि सैल घातल्या, आणि टोपली उचलली.

पुढे पावसाची झड लागली. दोरीवरची लुगडी वाळेनात. ओलसर कपडेच अंगावर चढत होते, आणि वच्छलाची खाज वाढत चालली होती. एका सकाळी दळताना फोड फुटला आणि चिंधीतून पाणी झिरपलं. धुरपदाबाईने ते पाहिलं. तिने काही न विचारता चिंधी ओढून काढली आणि मागे सरकली.

घरात आरडाओरडा झाला नाही. धुरपदाबाईने पिठाचं सूप आपल्याकडे घेतलं, इतकंच. दुपारी वच्छलाचं ताट निराळं वाढलं गेलं. कानबाईच्या नैवेद्याचे रोट यंदा शेजारच्या घरातली आपली जाऊबाई करेल, असं तिने कुणाकडे न बघता सांगून टाकलं. संध्याकाळी अभिमन शेतातून आला, तेव्हा बायको पडवीत एका कोपऱ्यात पोत्यावर बसलेली त्याला दिसली.

"तिना बापले निरोप धाड," धुरपदाबाई म्हणाली. "येईसन लई जाऊ दे."

अभिमन बराच वेळ पाय धूत राहिला. आईपुढे तो कधी बोलत नसे. पण त्या दिवशी तो पाठमोराच म्हणाला, "माय, आधी दवाखाना. मंग निरोप."

"आन गावले काय सांगशी?"

"गावले काय सांगानं? बाजारले गऊत म्हणू."

धुरपदाबाईला ते पटलं नाही. पण मुलाने पहिल्यांदाच आपलं म्हणणं मांडलं होतं, आणि सुनेला एकटं पाठवणंही तिला बरं दिसेना. सकाळी गाडी जुंपली तेव्हा ती स्वतःच मागे चढून बसली, वच्छलापासून हातभर अंतर ठेवून.

एरंडोलच्या दवाखान्यात गर्दी होती. ओट्यावर हसीनाबीही होती, खोकल्याचं औषध न्यायला आलेली. तिला पाहताच धुरपदाबाईच्या डोक्यात लख्ख झालं.

"तू दखेल व्हतं ना? बांगड्या भरती तधळ?"

"दखेल व्हतं."

"मंग माले का बरं नही सांगं?"

हसीनाबी शांतपणे म्हणाली, "पोरनी गोट शे, बाई. तिनी माले सांगेल व्हती. मी तुले कशी सांगू?"

धुरपदाबाईने तोंड फिरवलं. तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टर पोक्त वयाचे, कमी बोलणारे होते. त्यांनी वच्छलाचा हात खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा वर सरकवून पाहिला.

"खाज येते?"

"लई येस."

"बरं. आता डोळे मीट. मी कापसाने शिवेन. शिवलं की त्या जागी बोट ठेवायचं."

त्यांनी कापसाची बारीक वात केली. आधी कोपराजवळ टेकवली. वच्छलाने बोट ठेवलं. मग चट्ट्याच्या बाहेर. तिने बोट ठेवलं. मग त्यांनी ती वात चट्ट्याच्या मधोमध, फिकट कातडीवर, जेमतेम लागेल अशी टेकवली. रक्तपितीच्या डागाला शिवलेलं कळत नाही, हे धुरपदाबाईने ऐकलं होतं. आपली सून बोट उचलते की नाही, याखेरीज तिला त्या क्षणी काही सुचत नव्हतं.

वच्छलाचं बोट हळूच वर आलं आणि नेमकं तिथेच टेकलं.

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, टाचणीनेही पाहिलं. कोपरामागची शीर चाचपली. मग बोथट पात्याने कडेची कोंड्यासारखी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसले. परत आले तेव्हा ते हात पुसत होते.

"रक्तपिती नाही. गजकर्ण आहे, नायटा म्हणतात तो. मलमाने जातो."

वच्छलाने डोळे उघडले. तिला काय ऐकलं ते नीट कळलं नसावं, कारण तिने अभिमनकडे पाहिलं. तो हसत होता आणि बाहीने नाक पुसत होता.

"हा फोड कशाचा?" डॉक्टरांनी विचारलं. मोरचुदाचं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. "आधी ही जखम सुकू दे. तोवर मलम त्या बाजूला लावायचं नाही. बाकी सगळीकडे सकाळ-संध्याकाळ लावायचं. अंग धुऊन, कोरडं करून. चट्ट्यावर तर लावायचंच, कडेच्या बाहेरही बोटभर. थोडं चुरचुरेल, साल निघेल, घाबरायचं नाही. आणि चट्टा दिसेनासा झाला म्हणून सोडायचं नाही. पुढेही काही आठवडे लावत राहायचं. एकमेकींचे कपडे वापरायचे नाहीत. घरात आणखी कुणाला आहे?"

वच्छलाच्या अंगावर सासूचं जुनं लुगडं होतं. लग्नानंतर धुरपदाबाईने आपली दोन लुगडी तिला रोजच्या वापराला दिली होती. वच्छलाने मान खाली घातली. तिला काहीतरी माहीत होतं, पण ती ते बोलणार नव्हती.

धुरपदाबाई उठून उभी राहिली. "अभिमन, तू भाईर जाय."

तो गेल्यावर तिने पदर बाजूला केला. कमरेच्या गाठीखाली, मागे पाठीपर्यंत, जुना काळपट पट्टा पसरला होता. कडेला तसाच लालसर कोंडा.

"दोन पावसाया व्हई गयात," ती म्हणाली. "मी घामना उबारा समजनू. कोणले दखाडाले लाज वाटे."

डॉक्टरांनी तिलाही कापसाने शिवून पाहिलं, तिचीही कातडी काचेवर घेतली. त्यांनी तिला दोष दिला नाही. "हेच तिकडे गेलं असेल. लुगड्यातून जातं," एवढंच ते म्हणाले. कंपाउंडरने काचेच्या पाटीवर पांढरं मलम घोटलं आणि दोन पत्र्याच्या डब्या भरल्या.

परतीच्या वाटेवर धुरपदाबाई गाडीत अंतर ठेवून बसली नाही. नाला ओलांडताना गाडी कलली तेव्हा तिने सुनेचा दंड धरला. मग म्हणाली, "माले व्हतं, म्हणीसन व्हयनं तुले हाई."

"आसू द्या, आत्याबाई."

"आसू काय द्या? मी तुनं ताट येगळं वाढं."

त्या वर्षी कानबाईचे रोट जाऊबाईनेच केले, कारण वच्छलाच्या हाताची जखम ओली होती. पण त्या दिवशी सासू आणि सून दोघीही रोटाच्या पिठापासून लांब बसल्या. जाऊबाईने कारण विचारलं तेव्हा धुरपदाबाईने सरळ सांगितलं, "आमले दोन्हीस्ले नायटा शे. मलम चालू शे."

पाठीवरचा चट्टा आपला आपल्याला दिसत नाही. म्हणून रोज अंघोळ झाल्यावर वच्छला सासूच्या पाठीला मलम लावी आणि सासू तिच्या कमरेला. सुरुवातीला दोघींना संकोच वाटे. पुढे त्याच वेळात घरातल्या बाकीच्या गोष्टी निघू लागल्या. कोणती गाय आटली, पाचोऱ्याहून काय निरोप आला. एकदा धुरपदाबाई आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलली. ते तिने याआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

वच्छलाचा हात कापूस वेचायच्या दिवसांत स्वच्छ झाला. तरी ती सांगितल्याप्रमाणे मलम लावत राहिली. धुरपदाबाईने मात्र खाज थांबताच डबी बाजूला ठेवली, आणि थंडीत कडा पुन्हा लाल झाल्या. तेव्हा वच्छलाने तिला काही ऐकवलं नाही. तिने अभिमनला एरंडोलहून नवी डबी आणायला लावली.

"तू मोठ्या आवाजात बोलत जाय ना जरा," पाठ पुढे करत धुरपदाबाई म्हणाली. "माले दटाव. नहीतर मी आईकत नही."

"मंग आईका," वच्छला म्हणाली. तिचा आवाज ओट्यापर्यंत गेला. "आता संक्रांतपर्यंत एक दिवस बी चुकाडानं नही."

"नही चुकाडाव," सासू म्हणाली, आणि हिवाळ्याच्या उन्हाकडे पाठ करून मुकाट्याने बसून राहिली.