शेठची नागपंचमी

गोदाच्या तोंडाला हाड नव्हतं, हे शीळ गावात शेंबडं पोरही सांगेल. पण गेले आठ महिने हीच बाई एका सापाशी इतकं गोड बोलत होती की ऐकणाऱ्याला खोटं वाटावं.

साप तिच्या लेकाचा, कमलेशचा. रीतसर कागदपत्रं करून आणलेला बॉल पायथन, म्हणजे बिनविषारी परदेशी अजगर, दोन हात लांब. दिवसभर काडीचं काम करत नाही म्हणून कमलेशनं त्याचं नाव ठेवलं शेठ. स्वभावानं अगदी गरीब. भ्याला तरी चावणं नाही की फुत्कारणं नाही, डोकं मधे लपवून नुसता चेंडू व्हायचा. हॉलमध्ये त्याची काचेची पेटी, पेटीच्या एका कोपऱ्यात काठाला भोक पाडलेलं उलटं मडकं, आणि मडक्यात शेठचा मुक्काम. त्या कोपऱ्याखाली बाहेरून विजेची सपाट गादी चिकटवलेली, आत एक बारीक वायर. कमलेश समजावायचा, "आये, गादी तापते. ऊब पुरली की ही वायर तिला सांगते, बास कर."

गोदाला तेव्हा सापाची शिसारी यायची. मार्गशीर्षातल्या एका दुपारी कमलेश जेवत असताना ती कडाडली, "या घरान ह्यो ऱ्हाईल नाय तर मी!" कमलेश भरल्या ताटावरून उठला, बाईक काढली आणि शीळफाट्यावर डंपरखाली गेला. घरात तेव्हा दोघंच होती. गोदानं ही गोष्ट कुणापाशी काढली नाही, सुनेपाशी तर नाहीच.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. त्याच संध्याकाळी शेठनं मडक्यातून डोकं काढलं, गोदाकडं पाहिलं आणि परत आत ओढून घेतलं. झालं! लेक सापात येऊन बसलाय आणि आपल्यावर रुसलाय, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. लहानपणी कमलेशही रागावला की मोरीत कडी लावून बसायचा. तेव्हापासून ती रोज पेटीपुढं फतकल मारायची, "ये ना रं बाला, बाहेर ये" म्हणायची, आणि ती जवळ आली की शेठ मडक्यात. घरात माणूस नसताना तिला मडक्यातून कुणी श्वास टाकल्यासारखं ऐकू यायचं. ती भ्यायची, तरी उठायची नाही.

नागपंचमीला सून रुपाली वागळे इस्टेटला कामावर निघताना बजावून गेली, "आई, हळदकुंकू काचेला बाहेरूनच लावा. दूध ठेवू नका, आत हात घालू नका."

गोदानं सण कडक पाळला. विळी काढली नाही. तवा चढवला नाही; त्या दिवशी तवा तापला की नागाचं अंग भाजतं, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. पुरणाची दिंडं उकडली आणि पूजेला बसली. पण देव मडक्याखाली, मग दर्शन व्हायचं कसं? तिनं झाकण उघडून मडकं काढून ठेवलं. देवाच्या अंगाशी वायर बरी दिसेना, तीही ओढून काढली आणि नुकत्याच पुसलेल्या गार फरशीवर टाकली. पेटीखालची गादी तिच्या ध्यानातही आली नाही. फरशीवरची वायर मात्र गादीला सांगत राहिली, अजून गार आहे, अजून ताप.

शेठनं पेटीत दोन फेऱ्या मारल्या आणि मडकं असायचं त्याच कोपऱ्यात गोळा होऊन बसला.

"अगं बाई! बसला गो माझा बाला माझ्याफुडं!"

गोदाला रडू फुटलं. दुपारभर ती त्याच्याशी बोलत होती. तो शब्द कसा निघून गेला, ते ताट तसंच उचलून कसं टाकलं, सगळं सांगितलं. माफ कर म्हणाली. शेठ हलला नाही. आपलं ऐकून घेतलं, असं तिला वाटलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली. दोन दिंडं तिनं पेटीपुढंच बसून खाल्ली.

साडेसहाला रुपाली आली. फरशीवरची वायर पाहून तिनं पेटीच्या तळाशी हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. शेठला उचललं, तर पोटाचे खवले लालभडक, जागोजाग फोड.

रिक्षा करून दोघी कल्याणला प्राण्यांच्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि मान हलवली. "प्रयत्न करते. वाचेलच असं सांगत नाही."

"भाजत व्हता तर पलला का नाय?" गोदानं विचारलं.

"खालून भाजतंय हे सापाला नीट कळत नाही, आजी. त्यात घाबरलेला असला की आहे तिथंच बसून राहतो. आणि ओरडायला आवाज नसतो त्याला."

बाहेर बाकावर रुपालीनं सासूच्या मांडीवर हात ठेवला. "तुम्ही मुद्दाम नाही केलं, आई."

"आज बाहेर आलता गो. माझ्यासाठी आलता."

"तो आला नव्हता," रुपाली थकून म्हणाली. "तुम्ही मडकं काढलंत. त्याला जायला जागा कुठं होती?"

गोदानं दवाखान्याच्या बंद दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "कमलेशला बी नव्हती. त्या दुपारी मीच बोलले त्याला, या घरान ह्यो साप ऱ्हाईल नाय तर मी. भरल्या ताटावरून उठून गेला तो, रुपाली."

रुपालीनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या मांडीवरचा आपला हात काढून घेतला.