कपाटात कोंबलेली दुलई

मी एक पिसांची दुलई. नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रातल्या एका बेटावर माझं घर आहे.

दर वसंतात रानबदकं लांबून उडत इथे येतात. गुनवोरबाई त्यांच्यासाठी दगडांचे आडोसे रचते, ती बुजू नयेत म्हणून दबकत चालते, भडक कपडे बाहेर वाळतही घालत नाही. पिल्लं घेऊन बदकं गेली की मागे उरलेली पिसं ती गोळा करते. त्याच पिसांची मी झाले. बदकांना कुणी विचारत नाही, कुठून आलात, किती दिवस राहणार? मला याचं अजून नवल वाटतं.

गुनवोरने मला सुनेसाठी शिवलं. सून अकिन्यी, केनियाची. गुनवोरच्या मुलावर, आयविनवर जीव जडला, पण पाहुण्यांचा व्हिसा संपला आणि तिला परतावं लागलं. शिकायला यावं तर प्रवेश मिळेना, नोकरीसाठी यावं तर नोकरी आधी हवी. शेवटी लग्न झालं आणि बायको म्हणून इथे राहायचा मुदतीचा परवाना मिळाला. एका माणसापाशी पोहोचायला माणसं किती दारं ठोठावतात! मी थक्क झाले.

पहिल्याच दिवशी पलंगावर दोन दुलया बघून ती घाबरली. "आई, आमचं भांडण नाही झालेलं!"

"होऊ नये म्हणूनच दोन," गुनवोर म्हणाली. "इथे सगळ्यांच्याच दोन असतात."

अकिन्यीला ते पटलं नाही. पण थंडी कडाक्याची, म्हणून तिने माझं पायाकडचं टोक शिवून पिशवी केली आणि त्यात पाय खुपसून झोपू लागली.

मग परवान्याची मुदत संपत आली. लग्न खरं आहे का ते बघायला परवाना कार्यालयातली बाई येणार होती. तिला शंका आली तर अकिन्यीला परत जावं लागणार. दोन दुलया दिसल्या तर काय म्हणतील, या धास्तीने अकिन्यीने मला कपाटात कोंबलं.

बाई आल्या, बूट काढून नवरा-बायकोसोबत खोलीत गेल्या. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"दुलई एकच?"

"आम्ही एकाच दुलईत झोपतो," अकिन्यी ठसक्यात म्हणाली.

"इथे? या उंच माणसाबरोबर? माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, मला तरी जमलं नाही." बाईंचा आवाज बदलला. "खरं सांगा, इथे एकच माणूस राहतं ना?"

तेवढ्यात गुनवोरने कपाट उघडून मला ओढून काढलं. "ही घ्या हिची! वेडी पोर, लाजून लपवली."

बाईंनी मला चाचपलं, शिवलेल्या टोकात हात घातला. आत लोकरीचा एकच मोजा निघाला.

"आणि दुसरा?"

आयविनचे कान लाल झाले. "तो... माझ्या दुलईत असेल."

बाईंनी दुसरी दुलई झटकली. मोजा टपकन जमिनीवर पडला. गुनवोर खिडकीबाहेर बघू लागली. बाई मात्र खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "मला आणखी काही बघायचं नाही."

परवाना वाढला. आता माझी पिसं जागोजागी गोळा झालीत, मी उसवलेयही. तरी तुमच्याकडे एक मागणं आहे: लांबून आलेल्या माणसाची ऊब अशी कपाटात लपवायची वेळ कुणावर आणू नका.

बाहेर सासू-सून मिळून दगड रचताहेत. बदकं यायची वेळ झालीय.