हंबरचा चिमटा

हे लिहायचं नव्हतं. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहून टाकतो.

मी नांदेडला राहतो. जुन्या सायकली घेतो, विकतो. शिकवलं कुणी न्हाई. व्हिडिओ बघून आन् भंगारात हात काळे करून शिकलो.

मागच्या रविवारी अश्वजितचा फोन आला. आयटीआयपासूनचा दोस्त.

"संग्या, बिलोलीकडं मावशीच्या गावाला जाऊ. काकांची सायकल हाय. भंगारवाला सहाशे देऊन राहिला. पक्की असंल तर नातीला शाळेसाठी ठेवणार, न्हाईतर विकणार. तू फक्त बघून सांग."

एवढंच काम होतं.

केवळाबाई मावशीनं सायकल अंगणात काढून ठेवली होती. काका कालव्यावर पाटकरी होते, वारून चार वर्षं झाली. त्यांची नववीतली नात मनिषा चिंधी घेऊन रिमा पुसून राहिली होती.

मी खाली बसलो आन् चिमटा बघितला. पुढचं चाक ज्यात बसतं तो. साध्या सायकलीला चाकाच्या दोन्ही बाजूंनी एकेक नळी असती. इथं दोन-दोन बारीक नळ्या होत्या.

असला चिमटा एकच कंपनी बनवायची.

थुंकी लावून हँडलखालचा बिल्ला पुसला. हंबर, जुनी विलायती कंपनी. मागच्या चाकाच्या हबवर इंग्लंडचं नाव. रंग मूळचा. पुण्यातला एकजण असल्या सायकलीला तीस हजार द्यायला बसला होता. फ्रेम ठोकून बघितली, आवाज घट्ट. पोरगी दहा वर्षं चालवंल, काई होणार न्हाई.

"काय म्हणती आमची सायकल?" मावशीनं विचारलं.

मी तोंड वाकडं केलं. कसं केलं माहीत न्हाई, पण केलं.

"मावशी, ह्या दोन-दोन नळ्या बघा. मूळ चिमटा मोडलेला दिसतो. वेल्डिंगवाल्यानं नळ्या जोडून दिल्यात. उतारावर तुटला तर पोरगी तोंडावर पडंल."

मनिषा म्हणाली, "मग आजोबा एवढी वर्षं कसे चालवले?"

"नशीब त्यांचं," मी म्हणालो. तिच्याकडं बघितलंच न्हाई.

अश्वजितनं लगेच मान डोलावली. मी म्हणलं म्हंजे तसंच, असं त्याचं हाय. मीच म्हणालो, "पार्टसाठी नेतो. पंधराशे देतो." पैसे मावशीच्या हातात ठेवले, टेम्पोवाल्याला फोन लावायला निघालो.

"थांब बाबा," मावशी म्हणाली. "असा मोडका चिमटा मी घरातून बाहीर देणार न्हाई. उद्या तू कुणाला विकशील, कुणाचं तरी लेकरू बसंल."

"न्हाई बसवत कुणाला, मावशी. घरी ठेवतो."

"घरातली सायकल कुणी ना कुणी काढतंच." तिनं शेजारी हाक मारली, "ओ रामकिशन भाऊ! घण आणा जरा!"

मला वाटलं मस्करी करते. रामकिशन काका खरंच घण घेऊन आले.

"मी नांदेडला कापून घेतो की," मी म्हणालो.

"तिथं कोण बघायला येतंय?" मावशी म्हणाली.

"बरोबर हाय तिचं," अश्वजित म्हणाला. "बाकी पार्ट तर मिळतेतच तुला." त्यानं सायकल आडवी केली, चिमटा उंबऱ्याच्या दगडावर टेकवला, आन् चाक धरून बसला. माझ्या खोट्याला हातभार लावून राहिला होता, येड्यासारखा.

रामकिशन काकांनी तळहातावर थुंकून घण उचलला.

"हात सांभाळ रे अश्व्या."

घण खांद्याच्या वर गेला.

"थांबा!" मी आडवा पडलो. "चिमटा चांगला हाय! असाच असतो तो, कंपनीचाच. खोटं बोललो मी. तीस हजाराची सायकल हाय."

खरं सांगतो, त्या वक्ताला मला मनिषाची दया आली न्हाई. चिमट्याची आली.

रामकिशन काकांनी घण हळूच खाली ठेवला. "नांदेडचं पोरगं लई हुशार हाय बाई," म्हणाले आन् गेले.

मावशीनं पंधराशे माझ्या खिशात कोंबले. "ठेवायची का विकायची, आमचं आम्ही बघू. तू चहा पी." पिलो. मनिषानं सायकल उभी केली आन् आत नेऊन ठेवली, माझ्यापासून लांब.

येताना नरसी गावाच्या पुढं अश्वजितनं गाडी बाजूला घेतली.

"मावशीला मी म्हणलो होतो, संग्या आपला माणूस हाय."

"चूक झाली, अश्व्या."

"चूक? नट ढिला ऱ्हायला, ती चूक. हे काय होतं?"

ट्रक चालले होते, धूळ तोंडावर येत होती.

"रविवारी परत येतो," मी म्हणालो. "पुण्यावाल्याचा नंबर मावशीच्या हातात देतो. ती थेट बोलंल, मधी मी न्हाई."

"आन् ठेवायची म्हणली तर?"

"तर नवे टायर टाकतो, ब्रेकचे रबर बदलतो, मनिषाच्या मापाला सीट खाली करतो. पुण्याचं नाव पुन्हा काढत न्हाई. तुझ्यासमोर करतो सगळं. शब्द देतो."