निळ्या ठिपक्याचं बटण

"आधी काढू नका, असं सांगतोय मी! आधी नवीन आणा, ते चालतंय का बघा, मग जुनं काढा!"

ड्वेन फोनवर इतक्या जोरात ओरडला, की खिडकीपाशी वर्तमानपत्रं वाचत बसलेले दोघे म्हातारे माना वर करून बघायला लागले. अकरा वर्षं ड्वेन किव्हेला आणि मी या वाचनालयात एकत्र काम करत होतो. मी पुस्तकांच्या काउंटरवर, तो मागच्या खोलीत संगणकांच्या दुरुस्तीला. एवढ्या वर्षांत त्याचा आवाज कधी दाराबाहेर आला नव्हता.

"ड्वेन, तुम्ही उगाच ताणताय," फोनमधून ट्रेंट वॉलिसचा आवाज आला. हा जिल्हा कचेरीतला नवा संगणक-प्रमुख. सप्टेंबरात मोठ्या पुलापलीकडच्या, दक्षिणेतल्या शहरी भागातून आला होता आणि आमच्याकडच्या बर्फाला 'गंमत' म्हणायचा. "मी इथून एक आज्ञा सोडणार. पहिल्या ओळीत जुनं निघणार, दुसऱ्या ओळीत नवीन येणार. विषय संपला."

"नवीन येणार कुठून?"

"इंटरनेटवरून. अजून कुठून?"

"आणि पहिल्या ओळीत तुम्ही काढलंत काय? इंटरनेटला जोडणारं साधनच ना? मग दुसरी ओळ काय चालत येणार आहे?"

 मग वॉलिस म्हणाला, "बरं. शुक्रवारपर्यंत थांबतो. तोवर यंत्रं गोळा करा." तो सोमवार होता.

गोळा करायची होती एकतीस यंत्रं. बँकांनी, दवाखान्यांनी टाकून दिलेले जुने लॅपटॉप ड्वेन आणायचा, त्यांच्यावर लिनक्स ही फुकटची संगणक-प्रणाली घालायचा आणि ज्यांना नवीन घेणं जमत नाही त्यांना आम्ही ते हिवाळाभर वापरायला द्यायचो. लिनक्समधलं मला काही कळत नाही. एवढंच कळतं, की इतरांनी मेलं म्हणून फेकलेलं यंत्र त्याच्या हातून उठून बसायचं.

आणि वायरलेस जोडणीसाठी त्यात कुठलं साधन, म्हणजे कुठला प्रोग्राम ठेवायचा, यावर या माणसाने एक अख्खा हिवाळा घालवला होता. मी त्याला वेड्यात काढलं होतं. "वायफाय म्हणजे वायफाय, त्यात काय निवडायचंय?" तो आपला चार साधनं घेऊन दर गुरुवारी मिसेस लाम्पींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. मिसेस लाम्पी अठ्ठ्याहत्तरच्या, बोटं संधिवाताने वाकडी, नजर अधू. हा त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवायचा आणि तोंड मिटून बघत राहायचा. त्याची वही मी नंतर वाचली. "पहिलं: दिसायला सुंदर. यंत्र उठायला दोन मिनिटं. तोवर मिसेस लाम्पी कॉफी ठेवायला गेल्या. दुसरं: सगळं टाइप करावं लागतं. मला चालेल, दुसऱ्या कुणाला नाही. तिसरं: झाकण मिटून उघडलं की जोडणी विसरतं. चौथं: काळी पाटी, मोठी अक्षरं, वर-खालीचे बाण आणि एंटर. अडीच सेकंद. मिसेस लाम्पी म्हणाल्या, 'एवढंच?' हेच घ्यायचं."

मग त्याने वरच्या ओळीतल्या एका बटणावर निळा गोल ठिपका चिकटवला. तो दाबला की ती काळी पाटी उघडायची. प्रत्येक दाबण्याची वेळही यंत्रात टिपली जायची, म्हणजे कोण कुठे अडतं ते त्याला नंतर कळावं. मिसेस लाम्पींना तो एक ठिपका पुरेसा होता.

त्यांना लॅपटॉप लागायचा तो एकाच कामासाठी. त्यांचे यजमान आर्वो नव्वद मैलांवरच्या शुश्रूषागृहात होते. तांब्याच्या खाणीत ड्रिल चालवून कान कधीच गेले होते, आणि नोव्हेंबरात झटका आल्यापासून वाचाही गेली होती. म्हणजे फोनचा उपयोग शून्य. रोज सकाळी अकराला नर्स त्यांच्यासमोर पडदा धरायची आणि इकडून मिसेस लाम्पी त्यांना काय काय दाखवायच्या. नुकताच भाजलेला वेलदोड्याचा पाव, विणलेला मोजा, खिडकी उघडून लाकडांच्या ढिगावरचा बर्फ. आर्वो एक बोट उचलायचे. बोट उचललं म्हणजे बघितलं.

शुक्रवार वगैरे काही आला नाही. मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी वॉलिसने ती आज्ञा सोडली. का? बुधवारी त्याला वरच्यांसमोर भिंतीवर तक्ता दाखवायचा होता, आणि त्या तक्त्यावर सगळ्या यंत्रांचे चौकोन हिरवे, म्हणजे 'बदल झाला' असे, हवे होते. पहिली ओळ एकतीसही यंत्रांवर झकास चालली. जुनं निघालं. दुसऱ्या ओळीला जायला रस्ताच उरला नाही. लिनक्सवाल्यांमध्ये नवशिका माणूस ही चूक एकदा, आपल्या स्वतःच्या यंत्रावर करतो आणि जन्मभर लक्षात ठेवतो, असं ड्वेन म्हणायचा. या गाढवाने ती एकतीस घरांत एकदम केली, आणि तीही आदल्या दिवशी बजावून सांगितल्यावर. आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी माझ्या काउंटरवरचा फोन वाजला.

"मार्लिस, ते उघडत नाहीये गं," मिसेस लाम्पी म्हणाल्या. आवाज शांत होता, पण श्वास लागलेला होता. "ठिपका दाबते, काहीच येत नाही. नर्सचा फोन येऊन गेला. म्हणाली, ते पडद्याकडे बघतायत, तुम्ही कुठे आहात? आज त्यांचं बरं दिसत नाही म्हणाली."

आणि मी काय म्हणाले? समोर तीन माणसं रांगेत उभी होती, म्हणून मी म्हणाले, "मिसेस लाम्पी, बटण बरोबर दाबताय ना? दुसरंच काही दाबलं गेलं नाही ना?"

 "दाबलं असेल गं," म्हणाल्या. "माझी बोटं ही अशी."

ड्वेन दारात उभा राहून ऐकत होता. त्याने टेबलावरचा लॅपटॉप उघडून पाहिला आणि जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. खिशात ते साधन असलेला पेन ड्राइव्ह टाकला, जाकीट घेतलं. तेवढ्यात वॉलिसचा फोन. "तक्रारी यायला लागल्यात. क्रमाने घेऊ. कुणीही परस्पर कुणाच्या घरी जायचं नाही, नियम आहे."

"नियम तुमच्या तक्त्याला चिकटवा," ड्वेन म्हणाला आणि निघाला.

मिसेस लाम्पींचं घर एकतीस मैलांवर. आदल्या रात्रीपासून गावाजवळच्या मोठ्या सरोवरावरून बर्फ येत होता आणि रस्ता साफ करणारी गाडी त्याच्या पुढे बैलगाडीसारखी चालली होती. बारा वाजून आठ मिनिटांनी तो पोहोचला. मिसेस लाम्पी स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. केस विंचरलेले, अंगावर निळा स्वेटर, बाजूला फडक्यात झाकलेला पाव. शुश्रूषागृहातून फोन येऊन गेला होता. आर्वो अकरा चाळीसला गेले होते.

"ड्वेन, बाळा, एवढ्या बर्फातून आलास," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे तुला त्रास. मीच काहीतरी चुकीचं दाबलं बघ."

"तुम्ही काही केलं नाहीत, मिसेस लाम्पी. कचेरीतून केलंय."

"हो हो," त्या म्हणाल्या, आपण समजूत घालणाऱ्या माणसाला म्हणतो तसं.

ड्वेनने पेन ड्राइव्ह लावला. दहा मिनिटांत काळी पाटी परत आली. नर्सने पडदा धरला. चादर नीट केलेली होती. मिसेस लाम्पींनी फडकं काढून पाव दाखवला, आणि मग थोडा वेळ त्या बोट वर होण्याची वाट बघत असल्यासारख्या बसून राहिल्या. हे ड्वेनने मला एकदाच सांगितलं. सांगताना भिंतीकडे बघत होता.

तीन आठवड्यांनी चौकशीचा कागद आला. लिहिलं होतं, "खंड पडण्याची कारणे: वाचनालयाने वापरलेले अमान्य साधन आणि वापरणाऱ्यांच्या हाताळणीतील चुका." आज्ञेचा उल्लेख नव्हता, नऊ वीसचा नव्हता. खाली दोन सह्यांची जागा होती, त्याची आणि माझी. वॉलिस स्वतः कागद घेऊन आला होता. कोट न काढताच उभा राहिला.

"ही औपचारिकता आहे," तो म्हणाला. "कुणाचं नाव त्यात नाही."

"वापरणारे म्हणजे कोण मग?" ड्वेनने विचारलं. "अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई ना?"

"हे बघा, ड्वेन, तुम्ही सगळे वापरतात तेच साधन ठेवलं असतंत, तर ही वेळच आली नसती."

"तुम्ही शुक्रवारपर्यंत थांबला असतात, तर आली नसती."

ड्वेनने सही केली नाही. मी केली. मला निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि माझी टरकली, दुसरं कारण नाही. पेन वॉलिसचंच होतं. तो "थँक्यू, मार्लिस" म्हणाला आणि मी "वेलकम" म्हणाले. या वेलकमबद्दल मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते.

महिनाअखेरीस ड्वेनची जागा 'अनावश्यक' ठरली. जाताना त्याने सामानाचा एकच खोका नेला. माझ्या काउंटरवर एक घडी घातलेला कागद ठेवला. मिसेस लाम्पींच्या यंत्रातल्या त्या दिवशीच्या नोंदी होत्या, मोठ्या अक्षरांत छापलेल्या.

"हे त्यांना दे."

"तूच दे ना. तुझं ऐकतील त्या."

"मी सांगितलं, तर त्यांना वाटतं मी धीर देतोय. तू त्यांना फोनवर विचारलंस, बटण बरोबर दाबलंत का म्हणून. वर सहीही तूच केलीस. तू दिलंस तर पटेल." तो रागावलेला होता आणि आवाज मात्र अगदी हळू होता. आता तो गावाबाहेर बर्फ उडवायची यंत्रं दुरुस्त करतो. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, थांबत नाही.

तो कागद मी फेब्रुवारीअखेर खणात ठेवला, तो मे उजाडला तरी तिथेच. रोज खण उघडायचे, गोंदाची बाटली काढायचे आणि बंद करायचे.

मे महिन्यात मिसेस लाम्पी लॅपटॉप परत करायला आल्या. पुसून लख्ख केलेला, वायर लोकरीच्या धाग्याने बांधलेली. मी तिसरीत असताना त्या मला शिकवायला होत्या. अजूनही त्या समोर आल्या की मी नखं स्वच्छ आहेत का बघते.

"मार्लिस," त्या म्हणाल्या, "एक विचारू? गोड बोलू नकोस, खरं सांग."

"विचारा ना."

"कुठलं बटण होतं गं ते?"

मी काउंटरवरची पुस्तकं एकावर एक रचायला लागले.

"रोज बसून आठवते मी. ठिपक्याच्या शेजारचं दाबलं असेन का? की दोन एकदम? ते तिकडे बघत बसले होते आणि मी इकडे... एकदा कळलं ना कुठलं, की बरं वाटेल."

मी खण उघडला. कागद त्यांच्यासमोर पसरला. बोट ठेवून वाचून दाखवलं. "हे बघा. नऊ वाजून वीस मिनिटं, चौदा सेकंद. कचेरीच्या आज्ञेवरून साधन काढलं. त्यानंतर कुठलंही बटण दाबलं असतंत तरी काही झालं नसतं. तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही चुकलात असं एका कागदावर लिहिलं होतं, आणि त्यावर मी सही केली. हे मला माहीत असताना केली."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. चष्मा लावला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

"नऊ वीसला मी लाकडं आत आणत होते," त्या म्हणाल्या. "आणि हे खाली काय?"

"तुम्ही ठिपका दाबलात त्या वेळा. पहिल्यांदा दहा बावन्नला. शेवटी बारा वाजून सात मिनिटांनी."

त्या बोटाने एकेक ओळ मोजायला लागल्या, वर्गात मुलं मोजायच्या तशा, ओठ हलवत. अकरा चाळीसच्या पुढच्या ओळीही मोजल्या. एकेचाळीस झाल्या.

"म्हणजे मी वेळेवर बसले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आठ मिनिटं आधीच."

"हो, मिसेस लाम्पी."

त्यांनी लॅपटॉप उघडला. वाकड्या नखाने बराच वेळ खटपट करून तो निळा ठिपका सोडवला आणि कागदावर दहा बावन्नच्या ओळीपुढे चिकटवला. घडी घालून कागद चष्म्याच्या घरात ठेवला. घर नीट मिटत नव्हतं, म्हणून वायरीची लोकर सोडून त्याला बांधली. मग पर्स घेतली आणि निघाल्या. दारापाशी थांबल्या.

"तिसरीत तू चांगली होतीस, मार्लिस," त्या म्हणाल्या.

दार उघडंच राहिलं. थंडी आत यायला लागली तेव्हा मी उठून लावलं.