मेहकर-नागपूर वाटेवरची फटफटी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. मेहकरात मला सगळे फटफटी म्हणत. माझ्या वयाच्या वस्तूंनी थोडं हळवं होऊन आपली गोष्ट सांगावी अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. मला अजून राग येतो, आणि तो का येतो तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. पहिली दोन वर्षं मी खामगावच्या एका ठेकेदाराकडे काढली. महाराष्ट्र राज्य होऊन सहा वर्षं झाली तेव्हा चिंतामणने मला विकत घेतलं. तो चोवीस वर्षांचा होता. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. लोणारपासून पार सोनाळ्यापर्यंत कुठेही इंजिन बंद पडलं की त्याला बोलावणं यायचं. दर रविवारी तो रॉकेलच्या फडक्याने मला पुसायचा, माझा प्लग काढून घासायचा. मी एका किकमध्ये सुरू व्हायचे. लोक माझं कौतुक करत. त्याचं मात्र कुणी करत नसे.

कारण चिंतामण मधूनच अंथरूण धरायचा. लहानपणापासून त्याची हाडं अशी ठणकायची की तोंडात घोंगडीचा बोळा धरून तो पडून राही. ताप नाही, जखम नाही, सूज दिसेल न दिसेल. डोळे तेवढे पिवळट. त्याचा थोरला भाऊ असाच नवव्या वर्षी गेला होता. गाव म्हणायचं, "पोरगं आळशी हाय, नाटकं करते." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त भिंगाखाली पाहिलं. त्यांनी त्याला समजावलं, "तुझ्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. बारीक नसांत अडकतात, म्हणून दुखतं. याला सिकलसेल म्हणतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आईबापांकडून येतो. जाणार नाही, सांभाळावा लागेल." रोज गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, गारठा टाळायचा आणि दर तीन महिन्यांनी रक्त दाखवायला यायचं.

मेहकर ते नागपूर पावणेदोनशे मैलांची वाट. एकदा बसमध्ये तो कण्हू लागला, तर लोकांनी रोग लागेल म्हणून आरडाओरडा करून त्याला वाटेतल्या मालेगावच्या फाट्यावर उतरायला लावलं. त्यानंतर तो माझ्यावरच जायचा. डॉक्टरांना ते मुळीच पसंत नव्हतं. पण त्यांनी अटी घातल्या आणि त्याने त्या पाळल्या. माझ्या हँडलला पाण्याने भरलेली कापडी छागल टांगलेली असे. अंगात दोन बनियन, त्यांवर वर्तमानपत्राचा कागद, वर स्वेटर. वीस मैल झाले की थांबायचं, पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे. कारंज्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी नागपूर. मीही कधी घाई केली नाही.

मी आल्यावर तिसऱ्या वर्षी, पौषात, तो नागपूरहून परतला तो एक नवी काळजी घेऊनच. घरात धाकटी बहीण शारदा होती, मॅट्रिक झालेली. आईवडील नव्हते. चुलते उकंडराव घरचे कर्ते. त्यांनी शारदेचं लग्न लोणारच्या गोपाळशी ठरवलं होतं.

चिंतामण म्हणाला, "काका, हा आजार रक्तातून येते. शारदेचं रक्त तपासून घेऊ, नवरदेवाचंबी घेऊ. दोघाइत दोष निघाला तर लेकराइले माह्यासारखं भोगा लागन."

"तोंड बंद ठेव!" उकंडराव ओरडले. "लगन मोडाचं हाय काय तुले? काऊन घराण्याची बदनामी करून राह्यला बे?"

ते तसेच उठले, माझा प्लग काढून कोटाच्या खिशात घातला आणि मला गोठ्यात ढकलून कुलूप लावलं. "आता कसा जातो नागपूरले, पाह्यतो!"

तीन आठवडे मी कोंडलेली होते. त्या काळात चिंतामणला दोनदा कळा आल्या. भिंतीपलीकडून मला त्याचं कण्हणं ऐकू यायचं. आणि ओसरीवर उकंडराव आल्यागेल्याला सांगत, "काम चुकवते, दुसरं काय!" मित्रांनो, माझ्या टाकीत पेट्रोल होतं, चाकांत हवा होती, आणि मी काहीही करू शकत नव्हते.

एका पहाटे कुलूप निघालं. शारदा होती. तिच्या एका मुठीत किल्ली, दुसरीत काकांच्या कोटातून काढलेला माझा प्लग होता.

"दादा, ऊठ," ती घरात जाऊन चिंतामणला म्हणाली. "मले बी घेऊन चाल. माह्या रक्ताचं मलेच पाहू दे."

मालेगाव ओलांडलं आणि बोचरा वारा सुटला. चिंतामणच्या मांड्यांत कळ उठली. ब्रेकवरचा त्याचा हात सैल पडला. कसाबसा त्याने मला रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीशी उभं केलं आणि खाली कोसळला. टपरीवर चारपाच माणसं होती. एकाने त्याला पायाच्या अंगठ्याने ढोसलं. "सकायीच टाकली वाटते!" बाकीचे हसले.

"दारू नाई हे!" शारदा कडाडली. "माह्या भावाले दुखून राह्यलं! माणसं आहा का कोण आहा तुमी?"

टपरीवाली जनकाबाई चुलीजवळून उठली. हातातली फुंकणी उगारून तिने त्या माणसांना हाकललं. मग शारदेजवळ येऊन तिने एवढंच विचारलं, "काय लागते त्याले, सांग."

"पाणी, अन् ऊब."

जनकाबाईने त्याला चुलीजवळ घेतलं, आपली गोधडी घातली, कोमट पाणी पाजत राहिली. कसला रोग, कोणाचे कोण, काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तो उभा राहिला आणि आम्ही पुढे निघालो.

नागपुरात शारदेच्या रक्तात निम्मा दोष निघाला. तिला त्रास होणार नव्हता, पण होणाऱ्या नवऱ्याचं रक्त तपासणं गरजेचं होतं. तिने स्वतः गोपाळला पत्र लिहून सगळं कळवलं. आठ दिवसांत त्याच्या वडिलांनी लग्न मोडलं. उकंडरावांनी भर चौकात दोघा भावंडांना नाही नाही ते बोलून घेतलं. पण महिन्याभराने गोपाळ एकटाच मेहकरला आला. त्याच्या हातात नागपूरच्या तपासणीचा कागद होता.

"माह्या रक्तात दोष नाई," तो शारदेला म्हणाला. "आता तुमचा विचार सांगा."

लग्न झालं. उकंडराव आले नाहीत.

चिंतामण त्यानंतर नऊ वर्षं जगला. त्या वाटेने आम्ही कितीतरी वेळा गेलो आणि दर वेळी परत आलो. एका पावसाळ्यात ताप छातीत उतरला आणि नागपूरच्याच दवाखान्यात तो गेला. छत्तीस वर्षांचा होता.

तेराव्याला उकंडराव चारचौघांत म्हणाले, "त्या फटफटीनं खाल्लं त्याले."

मी! ज्यांनी त्याला खोटं ठरवलं, त्याचं औषधपाणी अडवलं, ते हात जोडून पंक्तीत फिरत होते, आणि दोष माझ्या माथी! शारदा मला मागायला आली, तर "घराण्याची वस्तू बाहेर जाणार नाई" म्हणून त्यांनी तिला रिकाम्या हाताने पाठवलं. घराण्याची वस्तू म्हणून आज मी उकिरड्याशेजारी उभी आहे. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. टायर कुजले, टाकीला भोक पडलं.

त्याचं मला काही वाटत नाही. मला पुसू नका, रंगवू नका, भंगारात द्या हवं तर. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी दुखतंय म्हणून सांगितलं, तर त्याच्याकडे जखमेचा पुरावा मागू नका. त्याला खोटं पाडू नका. मी लोखंडाची आहे. मला कोंडलं, टाकून दिलं, तरी मी उभीच आहे. चिंतामण माणूस होता.